इक्वलायझरमध्ये आधी कमी करा, मग वाढवा

फोनवर इक्वलायझर, म्हणजे आवाजातले खालचे, मधले, वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय, उघडला की बहुतेकांचं बोट पहिल्यांदा वरच्या दिशेने जातं. बेस वर, ट्रेबल वर, मधलं होतं तिथेच. गाणं क्षणभर भरदार वाटतं आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत कान थकतात. मी मुंबईत कार्यक्रमांच्या साउंडचं काम करतो. नाटकं, नाट्यसंगीताच्या मैफली, अभंग, दिवाळी पहाट, अधूनमधून एखाद्या शाळेचं गॅदरिंग. मिक्सरवर बसायला लागलो तेव्हा आमच्यातल्या ज्येष्ठांनी, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो, सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, "काही खटकलं की आधी कमी करून बघायचं. वाढवायचं सगळ्यात शेवटी." फोनच्या इक्वलायझरबद्दल मला सांगायचंय ते हेच, फक्त सविस्तर.

कार्यक्रम संपून आम्ही केबल गुंडाळायला घेतल्या की कुणीतरी रसिक रेंगाळतात आणि विचारतात, "हॉलमध्ये डग्गा काय सुंदर लागत होता! माझ्या मोबाइलवर असा का नाही ऐकू येत हो?" उभ्या उभ्या दोन मिनिटांत सांगता येण्यासारखं ते नसतं. टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवत असतो. म्हणून आज नीट बसून लिहितोय.

ॲप डाउनलोड करण्याआधी इयरफोन हातात घ्या. कानात घालायच्या इयरबडला जे रबर असतं ते कानात नीट बसलं नाही तर बेस बाहेर निघून जातो, आणि तो कुठल्याही ॲपने परत येत नाही. तपासायची पद्धत सोपी आहे. डग्गा किंवा पखवाज स्पष्ट असलेलं काहीतरी लावा आणि दोन्ही बड बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्याबरोबर खालचा आवाज एकदम भरून आला तर दोष गाण्यात नाही, रबरात आहे. डब्यात लहान, मध्यम, मोठे असे जोड दिलेले असतात. मध्यम बसवूनच येतात आणि बाकीची पिशवी बहुतेक घरांत फोडलेलीही नसते. दोन्ही कानांना एकच माप लागेल असंही नाही. माझ्या उजव्या कानाला मोठं रबर लागतं, डाव्याला मध्यम. डब्यातलं काहीच बसत नसेल तर लॅमिंग्टन रोडला सुटे रबर आणि फोमचे टिप्स मिळतात. हेडफोनवर हजारो रुपये घालण्याआधी तो खर्च करून बघा.

एका कानात आवाज कमी येत असेल तर बडची जाळी उजेडात धरून पाहा. कानातला मळ तिथे बसतो. जाळी जमिनीकडे करून मऊ, कोरड्या ब्रशने हळूच झाडायची, म्हणजे निघालेला मळ आत न जाता खाली पडतो. पिन घालू नका आणि पाणीही लावू नका.

मग गाणं कुठून येतंय ते बघायचं. स्ट्रीमिंगच्या ॲपमध्ये क्वालिटी बहुधा 'ऑटोमॅटिक' असते, म्हणजे नेटवर्क पडलं की आवाजही पडतो. स्पॉटिफायमध्ये सगळ्यात खालची पातळी साधारण २४ केबीपीएस (सेकंदाला किती डेटा येतो त्याचं माप) आहे आणि 'व्हेरी हाय' साधारण ३२०. डेटा सेव्हर चालू असेल तर तुम्ही खालच्या टोकालाच ऐकत असता. घरच्या वायफायवर वरच्या क्वालिटीत गाणी डाउनलोड करून ठेवा आणि प्रवासात तीच ऐका. जो आवाज फाइलमधून आधीच काढून टाकलेला आहे, तो इक्वलायझर परत आणू शकत नाही. तो असलेल्याचं प्रमाण बदलतो, एवढंच. यावरून एक कळकळीची विनंती. घरातल्या मुलीच्या गाण्याच्या परीक्षेचं किंवा गुरुजींच्या मैफलीचं रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवलं की ते दाबलं जातं, आणि मग लोक ती फाइल माझ्याकडे आणून म्हणतात, जरा क्लिअर करून द्या.

एवढं झालं की मग इक्वलायझर.

बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये जो मूळचा इक्वलायझर असतो त्यात पाच स्लायडर असतात: ६०, २३०, ९१०, ३६०० आणि १४००० हर्ट्झ. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं; आकडा जितका मोठा तितका सूर उंच. हे आकडे बघून लोक बिचकतात, पण आपल्या वाद्यांवरून ते लगेच लक्षात राहतात. माणसाला ऐकू येण्याची मर्यादा साधारण २० ते २०,००० हर्ट्झ. काळी एकमध्ये (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज, म्हणजे सा, साधारण १३९ हर्ट्झला येतो, काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा साधारण २०८ ला. डग्ग्याचा घुमारा शंभरच्या आसपास आणि त्याच्या खाली राहतो. पेटीचं अंग आणि गळ्याचा भरीवपणा तीनशे ते हजारमध्ये. शब्द कळतात ते दोन ते चार हजारांमुळे, आणि आपला कान सगळ्यात तिखट असतो तोही साधारण याच पट्ट्यात. स, श, च यांची धार, टाळ आणि झांजा पाच ते आठ हजारांत बोचायला लागतात. त्याच्याही वर श्वास, तानपुऱ्याच्या जवारीची, म्हणजे तारेच्या गुंजनाची, झळाळी, हॉलची मोकळी हवा.

आता काकांचं वाक्य. इयरबड विकणाऱ्यांना माहीत असतं की दुकानात दहा सेकंद ऐकणाऱ्याला बेस आवडतो, म्हणून स्वस्त बडमध्ये दीडशे ते चारशेचा भाग मुळातच फुगवलेला सापडतो. त्यामुळे गाणं कोंदट लागतं. गायक जाड रजई पांघरून गातोय असं वाटतं. मग ऐकणारा काय करतो? आवाज स्वच्छ नाही म्हणून ट्रेबल वाढवतो. आता कोंदटपणा आहे तिथेच आहे आणि वर स, श टोचायला लागले. त्याऐवजी २३० चा स्लायडर दोन-तीन डेसिबल (आवाजाच्या पातळीचं माप) खाली घ्या आणि बाकी कशालाच हात लावू नका. अर्धा मिनिट ऐका. तबल्याची चाट आपोआप पुढे येते, शब्द सुटे होतात, डग्गा सुद्धा अधिक नेमका लागतो, कारण त्याच्यावर बसलेला थर निघून गेलेला असतो. काहीही न वाढवता.

मात्र उणे तीनच्या खाली जाऊ नका. पुरुष गायकाचा मंद्र आणि मध्य सप्तकाचा पाया याच भागात आहे. तिथून फार कापलं तर गळा पोकळ होतो, टेलिफोनवर गातोय असा. पाच स्लायडरच्या इक्वलायझरची हीच अडचण आहे. २३० आणि ९१० च्या मधलं बरंचसं गाणं या दोघांच्याच हाती असतं आणि एक स्लायडर हलवला की आजूबाजूचंही बरंच हलतं. दहा पट्ट्यांचा इक्वलायझर मिळाला तर फक्त २५० चा स्लायडर खाली घेता येतो आणि १२५ ला धक्का लागत नाही.

कमी करून झाल्यावर काही वाढवावंसं वाटलं तर जरूर वाढवा, पण एक नियम पाळा. प्रीअँप नावाचा, सगळा आवाज एकत्र कमी-जास्त करणारा एक वेगळा स्लायडर चांगल्या ॲपमध्ये असतो. कुठलाही पट्टा जेवढा वर न्याल, साधारण तेवढाच प्रीअँप खाली घ्या. बेस ६ डेसिबल वाढवला तर प्रीअँप उणे ६. कारण असं की हल्लीची गाणी डिजिटल मर्यादेच्या अगदी टोकापर्यंत भरलेली असतात, वर जागाच नसते. त्यात आणखी ६ डेसिबल म्हणजे लाटेची उंची दुप्पट. ती मावत नाही, तिचा माथा सपाट कापला जातो आणि आवाज फाटतो. हे फाटणं नेहमी खरखरीसारखं स्पष्ट ऐकू येत नाही. कधी फक्त गाणं कर्कश वाटतं, ढोलकीची थाप बोथट होते, आणि माणूस हेडफोनला दोष देतो. प्रीअँप खाली घेतल्यावर आवाज लहान झाला तर फोनचा व्हॉल्यूम वाढवा, तो त्यासाठीच आहे.

'तीनशे टक्के व्हॉल्यूम' अशी जाहिरात करणारी बूस्टर ॲप्स मात्र घेऊ नका. ती याच्या नेमकं उलट करतात. आवाज मर्यादेच्या बाहेर ढकलतात आणि फाटलेला आवाज मोठा करून देतात. साध्या इक्वलायझरला तुमचे कॉन्टॅक्ट किंवा लोकेशनही लागत नाही. कुणी मागितलं तर ते ॲप काढून टाका.

सेटिंग बरं झालं की नाही हे ठरवताना कान फसतात, आणि ते आमच्या धंद्यातही रोज घडतं. दोन आवाजांपैकी जो किंचित मोठा असतो तो आपल्याला चांगला वाटतो. इक्वलायझर चालू-बंद करून तुलना करताना चालू असताना आवाज मोठा होत असेल तर ती तुलनाच नव्हे. प्रीअँप असा लावा की चालू आणि बंद दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी वाटेल, आणि मग ठरवा. दुसरं, हळू आवाजात खालचे सूर आपल्याला मुळातच कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं होतं. म्हणून रात्री घरचे झोपल्यावर हळू लावलेलं गाणं पातळ वाटतं. त्या वेळी बेस दोन-चार डेसिबल वाढवणं अगदी रास्त आहे, पण तेच सेटिंग दिवसा मोठ्या आवाजात वापरलं की घुमायला लागतं. रात्रीचं वेगळं सेव्ह करून ठेवा.

आईच्या फोनचं सांगतो, कारण ते अनेकांच्या घरात उपयोगी पडेल. आई सत्तरी ओलांडलेली, सकाळी ओट्याशी उभी राहून अभंग आणि कीर्तन ऐकते. तिचं म्हणणं, "आवाज येतो रे, पण शब्द कळत नाहीत." ती व्हॉल्यूम वाढवत राहायची. वयानुसार वरच्या फ्रिक्वेन्सी कमी ऐकू यायला लागतात. व्यंजनांची धार तिथेच असते, त्यामुळे स्वर पोचतात आणि व्यंजनं गळतात. व्हॉल्यूम वाढवला की स्वरच आणखी मोठे होतात, व्यंजनं मागेच राहतात. मी तिच्यासमोर बसलो, एक अभंग लावला, आधी २३० दोन डेसिबल खाली घेतला, मग ३६०० हळूहळू वर नेत गेलो आणि प्रत्येक वेळी तिला विचारलं. तीन डेसिबलला ती म्हणाली, "आता 'विठ्ठल'मधला ठ लागला." मी चारवर नेल्यावर तिचा हात कानाकडे गेला, टाळ टोचायला लागले होते. परत तीनवर. प्रीअँप उणे तीन. आता ती आधीपेक्षा कमी व्हॉल्यूमवर ऐकते.

तिचं आणखी एक होतं. ती एकच बड घालते, दारावरची बेल ऐकू यावी म्हणून. स्टिरिओच्या सुरुवातीच्या काळातल्या काही रेकॉर्डिंगमध्ये गायक एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला अशी वाटणी केलेली असते. एका कानाने ऐकलं तर निम्मं गाणं गायब. फोनच्या ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' असतं, ते चालू केलं की दोन्ही बाजू एकत्र होतात. सॅमसंगच्या फोनमध्ये 'अ‍ॅडॅप्ट साउंड' नावाची सोय आहे. तीस वर्षांखालचे, तीस ते साठ आणि साठीच्या वरचे असे तयार पर्याय त्यात आहेत, शिवाय बारीक आवाज ऐकवून दोन्ही कानांची चाचणी घेऊन ती स्वतः सेटिंग बनवते. घरात शांतता असताना, पंखा बंद करून ही चाचणी करा. आणि ऐकणं एका कानात अचानक कमी झालं असेल तर ॲप बाजूला ठेवून कानाच्या डॉक्टरकडे जा.

ॲपचं विचाराल तर अँड्रॉइडवर मी दोन सांगतो. 'वेव्हलेट'मध्ये 'ऑटोईक्यू' आहे. बाजारातल्या हजारो हेडफोनची मोजमापं लोकांनी घेऊन ठेवली आहेत. तुमचं मॉडेल यादीतून निवडलं की त्या हेडफोनचे फुगवटे आणि खड्डे भरून काढणारं सेटिंग आपोआप लागतं. हे मला मनापासून पटतं, कारण आम्हीही हॉलमध्ये कार्यक्रमाआधी तेच करतो. आधी हॉल सरळ करायचा, मग गाण्याकडे वळायचं. तुमचं मॉडेल यादीत नसेल तर दुसऱ्याच हेडफोनचं सेटिंग लावू नका, ते औषध तुमच्या आजाराचं नाही. दुसरं 'पॉवरॲम्प इक्वलायझर'. त्यात पॅरामेट्रिक इक्वलायझर आहे, म्हणजे कुठली फ्रिक्वेन्सी, किती डेसिबल आणि किती रुंद, हे तिन्ही तुमच्या हातात.

पॅरामेट्रिक हातात आला की टोचणारी जागा शोधायची आमची पद्धत वापरता येते. स्टेजवर माइक शिट्टी मारायला लागतो तेव्हा आम्ही असंच शोधतो. फोनचा व्हॉल्यूम आधी बराच खाली आणा, हे विसरू नका. टाळ बोचतात असं एखादं भजन लावा. एक अरुंद पट्टा घेऊन तो ६ डेसिबल वर उचला आणि तीन हजारापासून नऊ हजारापर्यंत सावकाश सरकवत न्या. एका ठिकाणी आवाज असह्य होतो, दात शिवशिवतात. तीच जागा. आता तो पट्टा तिथेच ठेवून उणे ३ किंवा ४ वर आणा. टाळ जात नाहीत, त्यांचा किणकिणाट राहतो, फक्त कानात घुसणारं टोक जातं. अंदाजाने सगळं ट्रेबल खाली ओढलं असतं तर तानपुरा मेला असता. जवारीचं सगळं सौंदर्य वरच्या स्वरांशांमध्ये (मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या उंच सुरांमध्ये) आहे, आणि तानपुरा गेला की ख्यालाची बैठक जाते.

आयफोनवर मोकळीक कमी आहे. म्युझिक ॲपच्या सेटिंगमध्ये इक्यू, म्हणजे इक्वलायझर, आहे, पण तिथे तयार पर्यायांतूनच निवडायचं असतं, स्लायडर नाहीत, आणि ते त्या एका ॲपपुरतं लागू होतं. दुसऱ्या ॲपच्या आवाजावर तिसऱ्या ॲपने इक्वलायझर लावण्याची परवानगी तिथे नसते. स्पॉटिफायचा स्वतःचा इक्वलायझर आत आहे, तो वापरा. बऱ्याच वायरलेस इयरबडच्या कंपनीच्या ॲपमध्येही इक्वलायझर असतो आणि त्याचं सेटिंग बडमध्येच साठवलं जातं, त्यामुळे फोन कुठलाही असला तरी चालतं. आयफोन वापरणाऱ्यांना मी हाच मार्ग सुचवतो.

पण एका वेळी एकच चालू ठेवा. फोनमधलं 'डॉल्बी' नावाचं सेटिंग चालू, स्पॉटिफायमध्ये 'बेस बूस्टर' चालू, बडच्या ॲपमध्ये आणखी एक प्रीसेट (तयार सेटिंग) चालू, असे फोन माझ्या हातात नेहमी येतात. तिघंही आपापला बेस वाढवत असतात. आधी सगळं बंद करा, फ्लॅट, म्हणजे काहीही न वाढवता-कमी करता, ऐका, आणि मग जे एक आवडेल तेवढंच लावा. पुष्कळांना बंद केल्यावरच बरं वाटतं.

लोकलचा प्रश्न वेगळा आहे. प्रयोग आटोपून मी विरार गाडीने घरी जातो. डब्याची घरघर मुख्यतः खालच्या फ्रिक्वेन्सीची असते, ती डग्गा आणि खर्ज झाकून टाकते. भाईंदर-नायगावच्या खाडीपुलावर तर मंद्र सप्तक जवळपास नाहीसं होतं. साहजिकच हात व्हॉल्यूमकडे जातो. इथे इक्वलायझरपेक्षा नीट बसलेलं रबर आणि नॉइज कॅन्सलेशन जास्त कामाचं. नॉइज कॅन्सलेशन सतत चालणाऱ्या खालच्या घरघरीवरच सगळ्यात चांगलं चालतं, फेरीवाल्याच्या हाकेवर नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा सांगून ठेवतो: मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास. ९० डेसिबलवर हेच आठवड्याला ४ तासांवर येतं. चर्चगेटपर्यंत रोज जा-ये करणाऱ्याने आपला व्हॉल्यूम कुठे आहे ते एकदा गाडीतून उतरल्यावर शांत जागी ऐकून बघावं. आणि रूळ-फलाट असतील तिथे नॉइज कॅन्सलेशन बंद, दोन्ही कान उघडे.

जुन्या नाट्यसंगीताच्या तबकड्या ऐकणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण हे माझं स्वतःचं वेड आहे. १९२५ च्या सुमाराला विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं. त्याआधी गायक कर्ण्यात तोंड घालून गायचा आणि त्या आवाजाच्या जोरावर सुई मेणात खाच पाडायची. अशा तबकडीवर खालचा बेसही नाही आणि वरची झळाळीही नाही, मधलं थोडंसंच आहे. तिथे १४००० चा स्लायडर वर नेला तर फक्त सुईची खरखर वाढते, कारण तिथे दुसरं काही नोंदलेलंच नाही. ६० वर नेला तर तबकडी फिरण्याची घरघर. दोन्ही टोकं निर्धास्त खाली घ्या, चार-पाच डेसिबल सुद्धा. मग ९१० एक-दोन डेसिबल वर. बालगंधर्वांच्या पिढीचा गळा याच मधल्या पट्ट्यात साठवलेला आहे, टोकांचा कचरा बाजूला केला की ती हरकत, ती मुरकी समोर येते. मात्र ३६०० ला फार हात लावू नका. खरखर तिथेही असते, पण पदाचे शब्दही तिथेच असतात.

फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐकत असाल तर बेसचा नाद सोडा. तो स्पीकर नखाएवढा असतो, दोनशेच्या खालचा आवाज त्याला धड काढताच येत नाही. तरीही त्यावर डग्गा थोडाफार कळतो याचं कारण मेंदू आहे. वरचे स्वरांश ऐकून खालचा मूळ सूर तो स्वतः जुळवून घेतो. म्हणून तिथे ६० चा स्लायडर पूर्ण खाली नेला तरी फरक कळत नाही, उलट स्पीकर मोकळा होतो आणि कमी फाटतो. आईच्या ओट्यावर फोन नुसताच ठेवलेला असतो तेव्हा मी हेच सेटिंग लावून देतो.

सेटिंग सेव्ह करताना त्याला 'क्लासिकल', 'रॉक', 'भजन' अशी नावं देऊ नका. हेडफोनचं आणि जागेचं नाव द्या: 'काळे बड, लोकल', 'काळे बड, रात्री', 'फोन स्पीकर, स्वयंपाकघर'. गाण्याचा प्रकार बदलला म्हणून सेटिंग बदलावं लागत नाही, हेडफोन आणि आजूबाजूचा आवाज बदलला की लागतं. आणि आकडे एका कागदावर किंवा नोट्समध्ये लिहून ठेवा. फोन बदलला किंवा ॲप अपडेट झालं की सेटिंग कधी कधी पुसलं जातं, ते पुन्हा लावायला मग दोन मिनिटं पुरतात. मॉडेलचं नाव आणि काय खटकतंय ते कॉमेंटमध्ये लिहिलंत तर मी कुठून सुरुवात करायची ते सांगेन. आवाज 'कोंदट', 'चिरका', 'पोकळ', 'घुमतोय', यातलं काय ते लिहा. त्या एका शब्दावरून कुठला स्लायडर ते मला बहुतेक वेळा कळतं.